ओळखीच्या जागेचं चित्र : नव्याने रंगवायला बसणाऱ्यांसाठी

चित्र काढायला लागलेल्या बहुतेकांची पहिली धाव डोंगर, समुद्र आणि सूर्यास्ताकडे असते. त्यात गैर काही नाही. अडचण एवढीच, की या विषयांबद्दल काय वाटायला हवं हे आधीच ठरून गेलेलं असतं. सूर्यास्त म्हटला की हुरहूर, समुद्र म्हटला की अथांगपणा. चित्रकाराच्या हाती मग फारसं काही उरत नाही. जिन्याच्या वळणावरचा कोपरा, दवाखान्यातली वाट बघण्याची खोली, दुपारचं रिकामं स्वयंपाकघर, बसथांब्यामागची भिंत यांच्याबद्दल मात्र कुणी काहीच ठरवून ठेवलेलं नसतं. तिथे जे वाटेल ते तुमचं स्वतःचं असतं, आणि म्हणूनच ते कागदावर आणणं अवघडही असतं.

भावना चित्रात शेवटी वरून घालता येत नाही. उदास वाटावं म्हणून आभाळ काळं केलं, आनंद दिसावा म्हणून पिवळा वाढवला, असं केलं की चित्र नाटकी होतं. भावना येते ती निवडींमधून : तुम्ही कुठे उभे राहिलात, किती जागा दाखवलीत, कोणत्या वेळचा प्रकाश धरलात, कुठल्या वस्तूवर वेळ घालवलात आणि काय गाळलंत. या निवडी एकामागून एक कशा करायच्या, ते इथे क्रमाने सांगतो.

सामान

थोडक्यात आटपू, कारण सामानावरच अडकून बसणारे लोक पुष्कळ असतात. हातात मावेल अशी एक स्केचबुक, २बी आणि ६बी पेन्सिली, एक मोठा आणि एक मध्यम गोल ब्रश, एक चपटा ब्रश. जलरंग वापरणार असाल तर कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. पातळ कागद ओला झाला की फुगतो आणि रंग खळग्यांत साचतात. रंग पाचच पुरे : अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक थंड (म्हणजे किंचित हिरवट) पिवळा आणि क्विनॅक्रिडोन रोझसारखा एक थंड (म्हणजे किंचित निळसर) लाल. यातल्या पहिल्या दोघांच्या मिश्रणातून उबदार करड्यापासून थंड करड्यापर्यंत आणि पुढे जवळजवळ काळ्यापर्यंतच्या छटा मिळतात. रोजच्या जागांमध्ये करडे रंगच जास्त असतात, त्यामुळे ही जोडी फार कामाला येते.

एक गोष्ट मात्र दुकानातच बघून घ्या. ट्यूबवर रंगाचा टिकाऊपणा लिहिलेला असतो. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या मापात १ किंवा २ असेल तर निश्चिंत राहा. अस्सल अलिझरीन क्रिमसन हा लाल (ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक पीआर ८३) दिसायला मोहक, पण उजेडात फिका पडतो. हे पुढे व्हॅन गॉगच्या उदाहरणात पुन्हा येईल.

जागा कशी निवडायची

‘सुंदर जागा’ शोधू नका. तीन प्रश्न विचारा. इथे मला पुन्हापुन्हा येता येईल का? इथे दीड-दोन तास कुणाच्या पायात न येता बसता येईल का? आणि ही जागा उद्या नाहीशी झाली तर मला काही वाटेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर का वाटेल हे आत्ताच सांगता आलं नाही तरी चालेल. ते सांगता येत नाही म्हणूनच चित्र काढायचं आहे.

पहिल्या वेळी घराच्या आतली जागा घ्यावी, असं माझं मत आहे. एक तर वारा, पाऊस, बघे यांचा त्रास नाही. दुसरं म्हणजे घरातल्या जागांशी आपला संबंध दाट असतो. विल्हेल्म हॅमरशोय हा डॅनिश चित्रकार १८९८ ते १९०९ या काळात कोपनहेगनमधल्या एकाच घरात राहिला आणि त्याने त्या घराच्या खोल्यांचीच ६० हून अधिक चित्रं काढली. तीच दारं, त्याच खिडक्या, तेच टेबल. इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदीने आयुष्यभर बोलोन्यातल्या घरात बाटल्या, डबे आणि खिडकीतून दिसणारं अंगण रंगवलं. विषय संपला म्हणून यांचं काम कधी अडलं नाही.

बाहेरची जागा घ्यायची असेल तर रोजच्या वाटेवरची घ्या. वेळ मिळत नाही ही तक्रार सगळ्यांचीच असते. चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी अनेक वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून व्यवसाय सांभाळत भोवतालचं शहर आणि त्यातली कष्टकरी माणसं रंगवली. रोजच्या वाटेचा फायदा असा, की ती जागा तुम्ही सकाळी, संध्याकाळी, पावसात, घाईत अशी सगळ्या तऱ्हेने आधीच पाहिलेली असते. नवख्या ठिकाणी हे भांडवल नसतं.

आणि जागा लहान घ्या. ‘आमची गल्ली’ हा विषय फार मोठा झाला. गल्लीतल्या एका दाराचा उंबरठा आणि त्याच्या बाजूची भिंत, एवढं पहिल्या चित्राला भरपूर आहे.

आधी आठवणीतून काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त काही मिळतं ते इथेच.

जागा ठरली की तिथे जाऊ नका. दुसऱ्या खोलीत बसा आणि ती जागा पेन्सिलीने आठवणीतून काढा. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. चूक-बरोबर बघायचं नाही, खोडरबर वापरायचा नाही. एखादी वस्तू कुठे आहे हे आठवलं नाही तर ती जागा कोरी सोडा.

मग ते रेखाटन घेऊन प्रत्यक्ष जागी जा आणि ताडून पाहा. बऱ्याच गोष्टी चुकलेल्या असतील. खिडकी आहे त्यापेक्षा मोठी आली असेल. छत खाली आलं असेल. एखादं कपाट संपूर्ण विसरलं गेलं असेल आणि त्याच्या शेजारचा छोटा स्टूल मात्र पायांसकट नेमका आठवला असेल. या चुका दुरुस्त करायच्या नाहीत, नोंदवायच्या आहेत. मोजपट्टीच्या हिशेबाने त्या चुका आहेत, पण तुमच्या मनात त्या जागेचं जे रूप आहे त्याचा तो नकाशा आहे. मोठी झालेली खिडकी सांगते की तुमचं लक्ष नेहमी बाहेर असतं. विसरलेलं कपाट तुमच्यासाठी तिथे नसल्यासारखंच आहे. ते चित्रात आलंच पाहिजे असं कुठे आहे?

फ्रेंच चित्रकार पिएर बोनारने आपली जेवणघरं, न्हाणीघरं, बागेत उघडणाऱ्या खिडक्या प्रामुख्याने अशाच आठवणीतून रंगवल्या. खिशातल्या छोट्या डायरीत तो पेन्सिलीने भरभर टिपणं काढायचा, त्या दिवशी हवा कशी होती ते एखाद्या शब्दात लिहायचा आणि चित्र मात्र स्टुडिओत, त्या जागेकडे पाठ करून करायचा. समोर वस्तू असली की आपण तिच्या तपशिलात वाहवत जातो, आणि मनात काय होतं ते मागे पडतं.

मग तिथे नुसतं बसा

पुढच्या खेपेला स्केचबुक न उघडता अर्धा तास बसा. पहिली दहा मिनिटं कंटाळा येईल, हात फोनकडे जाईल. त्यानंतर डोळे कामाला लागतात.

शेवटी तीन-चार ओळी लिहा. अट एकच, की भावनेचं नाव लिहायचं नाही. ‘उदास’, ‘प्रसन्न’, ‘एकाकी’, ‘शांत’ हे शब्द वर्ज्य. त्याऐवजी तिथे काय घडतंय ते क्रियापदांत लिहा : ‘उजेड टेबलापर्यंत येतो, खुर्चीपर्यंत पोचत नाही.’ ‘दार पूर्ण उघडत नाही, मागे काहीतरी अडतं.’ ‘भिंतीवर जिथे सगळे हात टेकवतात तिथला रंग गेलाय.’ ‘सगळ्या खुर्च्यांची तोंडं एकाच दिशेला आहेत.’

अशी ओळ थेट रंगवता येते. ‘एकाकी’ कसं रंगवणार? पण उजेड खुर्चीपर्यंत पोचत नाही, हे रंगवता येतं, आणि बघणाऱ्याला जे वाटायचं ते त्यातून आपोआप वाटतं. या ओळींपैकी एक निवडा आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे कुठलाही निर्णय अडला, की त्या ओळीला विचारायचं.

कुठे उभं राहायचं

पुठ्ठ्याच्या तुकड्याला मध्ये आयताकृती खिडकी कापा, साधारण तुमच्या कागदाच्या प्रमाणात. ही चौकट डोळ्यासमोर धरून जागेभोवती फिरा. चौकट डोळ्याजवळ आणली की जास्त भाग दिसतो, लांब नेली की कमी. एकाच खोलीची दहा वेगवेगळी चित्रं या पुठ्ठ्यातून दिसतात आणि प्रत्येकाचा भाव निराळा असतो.

आधी डोळ्याची पातळी ठरवा. यथार्थदर्शनाचा (पर्स्पेक्टिव्हचा) साधा नियम असा, की क्षितिजरेषा नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. उभे राहून पाहिलंत तर टेबलाचा वरचा पृष्ठभाग रुंद दिसतो, खोली तुमच्या ताब्यात असल्यासारखी वाटते. जमिनीवर मांडी घालून बसलात तर तेच टेबल जवळजवळ रेषेसारखं होतं, दार उंच होतं, छत दूर जातं. लहानपणच्या आठवणीशी जोडलेली जागा असेल तर खाली बसून काढून पाहा. काही न सांगता चित्रातलं वय बदलतं.

दुसरा प्रश्न : तुम्ही आत आहात की बाहेर? उंबरठ्यावर उभं राहून खोली काढली आणि चौकटीची कड चित्रात ठेवली, तर बघणारा अजून आत आलेला नसतो. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरच्या १९४२ सालच्या ‘नाइटहॉक्स’ या चित्रात रात्रीच्या उपाहारगृहात चार माणसं दिसतात. आपण रस्त्यावर आहोत, मध्ये मोठी काच आहे, आणि रस्त्यावरून आत जायला दार कुठेच दाखवलेलं नाही. त्या चित्रातल्या माणसांचे चेहरे काही फार दुःखी नाहीत. दार काढलं नाही, एवढ्या एका निर्णयाने बरंचसं काम झालेलं आहे.

तिसरी गोष्ट रिकाम्या जागेची. नवशिके वस्तू कागदाच्या मध्यभागी आणतात आणि कागद भरेपर्यंत मोठी करतात. तीच खुर्ची खालच्या कोपऱ्यात लहान ठेवा आणि वर नुसती भिंत राहू द्या. हॅमरशोयच्या १९०५ च्या एका चित्रात उघडी पांढरी दारं आणि रिकामी जमीन आहे, बाकी काही नाही. अर्थात रिकामेपण प्रत्येक जागेला शोभत नाही. तुमची जागा जर सामानाने खचाखच भरलेली असेल आणि तुम्हाला तीच दाटी आवडत असेल, तर चौकट आवळून घ्या, वस्तूंना कागदाच्या कडांवर कापू द्या. रिकामी खोली म्हणजेच गंभीर चित्र, हा हल्लीचा समज मला काही पटत नाही.

प्रकाश आणि घड्याळ

सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. म्हणजे खिडकीतून आत आलेला उन्हाचा चौकोन तुम्ही रंगवायला सुरुवात केल्यावर दोन तासांनी भलतीकडेच गेलेला असतो. म्हणून नियम असा, की एका बैठकीत दीड-दोन तासांहून जास्त काम नको, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत यायचं. बैठकीच्या सुरुवातीलाच सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून घ्या आणि मग त्यांच्या मागे धावू नका. सावली सरकली तशी तुम्हीही बदलत गेलात, तर चित्रात एकाच वेळी सकाळ आणि दुपार येते आणि प्रकाशाचा सगळा जोर जातो.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८९२ आणि १८९३ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ शहरातल्या कॅथिड्रलसमोर खोली घेऊन बसला, तेव्हा त्याने अनेक कॅनव्हास एकाच वेळी सुरू ठेवले होते. उजेड बदलला की तो कॅनव्हास बदलायचा. त्या मालिकेत ३० हून अधिक चित्रं झाली. आपण दोन कागदांपासून सुरुवात करू : एक सकाळचा, एक संध्याकाळचा.

कोणती वेळ निवडायची हे तुम्ही लिहिलेल्या ओळीवर ठरवा. तिरपं ऊन वस्तू वेगळ्या करतं, लांब सावल्यांनी त्यांना जोडतंही. ढगाळ दिवशी सावल्या विरतात आणि रंग जास्त खरे दिसतात, म्हणून रंगांचा अभ्यास करायला तो उजेड सोपा. रात्रीचा दिवा एक वर्तुळ आखतो आणि बाकीचं सगळं टाकून देतो. भर दुपारचा उजेड कंटाळवाणा मानतात, पण ज्या जागेचा स्वभावच कंटाळ्याचा आहे तिला तोच हवा.

कागदाच्या मागे तारीख, वेळ आणि हवा लिहायची सवय लावा. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये ढगांचे जे अभ्यास केले, त्यांच्या मागे तो तारीख, तास आणि वाऱ्याची दिशा लिहीत असे. महिन्याभराने चित्र पुन्हा हातात घ्याल, तेव्हा त्या दोन शब्दांनी बरंच काही परत आठवतं.

तीन छटांची छोटी रेखाटनं

आता रंगाला हात लावण्याआधी काडेपेटीहून थोडी मोठी अशी चार-पाच रेखाटनं करा. त्यात फक्त तीन छटा : कोरा कागद, मधला करडा, गडद. डोळे बारीक करून पाहिलं की तपशील पुसले जातात आणि हे तीन भाग वेगळे दिसू लागतात.

बघायचं ते प्रमाण. चित्राचा बहुतांश भाग उजळ आणि गडद एखादा तुकडा, की बहुतांश गडद आणि उजेडाची एखादी फट? की सगळं मधल्या करड्यातच, फारसा फरक नसलेलं? तीनही करून भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहा. ज्या रेखाटनातून तुमची ओळ दुरूनही कळते, ते घ्या. इतक्या लहान आकारात जे कळत नाही ते मोठ्या कागदावर रंग घालूनही कळणार नाही, म्हणून इथे घाई करू नका. गडद आणि उजळ अर्धे-अर्धे वाटले गेले असतील तर एका बाजूला झुकवा. सारखी वाटणी झाली की डोळा कुठेच थांबत नाही.

रंग

लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, हिरवा म्हणजे शांती, असले तक्ते फाडून टाका. १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅन गॉगने फ्रान्समधल्या आर्ल गावातली आपली झोपायची खोली रंगवली. भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितलं, की या चित्रात रंगानेच काम करायचं आहे, त्यातून विश्रांती किंवा झोप सुचली पाहिजे. आणि रंग कोणते? फिक्या जांभळ्या भिंती, लाल फरशी, लोण्यासारखा पिवळा पलंग, शेंदरी पांघरूण, हिरवी खिडकी. तक्त्याच्या हिशेबाने यात झोप कुठेच बसत नाही. त्याने सावल्या मात्र काढून टाकल्या आणि रंगांचे सपाट, मोठे तुकडे ठेवले. विश्रांतीची त्याची कल्पना या साधेपणात होती.

त्या चित्राचा एक धडा टिकाऊपणाचाही आहे. भिंतींच्या जांभळ्यातला लाल काळाच्या ओघात उडून गेला, त्यामुळे आज त्या निळ्या दिसतात. आपण जी खोली बघतो ती त्याने रंगवलेल्यापेक्षा थंड आहे.

मग रंग ठरवायचा कसा? शेजाराने. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल गालिचे-पडद्यांच्या सरकारी कारखान्यात रंगाईचं काम बघत होता. काळा धागा फिका दिसतो अशा तक्रारी यायच्या. रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांच्या रंगांमुळे तो काळा तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्याने हा नियम सविस्तर मांडला : शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतात. आपल्याला याचा उपयोग असा, की साधा करडा नारिंगीशेजारी ठेवला तर निळसर दिसतो. निळी ट्यूब उघडायचीही गरज नाही. खिडकीतला उजेड उबदार दिसायला हवा असेल तर तो आणखी पिवळा करू नका, भोवतालची भिंत थोडी थंड करा.

करून बघायचा सराव : चित्रातला एकच रंग पूर्ण तेजात ठेवा, बाकी सगळ्यांत त्यांच्या विरुद्ध रंगाचा (लालात हिरव्याचा, नारिंगीत निळ्याचा) थोडा अंश मिसळून त्यांना मऊ करा. तो एक रंग कुठे ठेवायचा, हे पुन्हा तुमच्या ओळीला विचारा. दोरीवरचा टॉवेल असेल, दाराची कडी असेल. तो मुख्य वस्तूवरच हवा असं नाही.

प्रत्यक्ष रंगवताना

माध्यमाप्रमाणे क्रम बदलतो. जलरंगात उजळाकडून गडदाकडे जायचं, पांढऱ्यासाठी कागद राखायचा, आणि लक्षात ठेवायचं की वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून ओला असताना थोडा जास्त गडद वाटला पाहिजे. ॲक्रिलिक उलट वाळल्यावर किंचित गडद होतो. तैलरंगात खालचे थर पातळ आणि वरचे जास्त तेलाचे, नाहीतर पुढे तडे जातात. कुठल्याही माध्यमात आधी मोठे तुकडे, मोठ्या ब्रशने. लहान ब्रश अर्ध्या वेळेपर्यंत डब्यातच राहू द्या.

पण भाव ज्यावर ठरतो ती गोष्ट म्हणजे कडा. जिथे दोन रंग भेटतात ती कड तीक्ष्ण ठेवायची की विरघळू द्यायची? तीक्ष्ण कडेकडे डोळा आधी जातो. सगळ्याच कडा तीक्ष्ण केल्या तर चित्र कातरकाम केल्यासारखं दिसतं, आणि नवशिक्यांची बहुतेक चित्रं तशी दिसतात ती याच कारणाने. तुमच्या ओळीत जी गोष्ट आहे तिची एखाद-दुसरी कड तीक्ष्ण ठेवा. बाकीच्या कडा शेजारच्या रंगात जाऊ द्या. खुर्चीची सावलीतली बाजू भिंतीत मिसळून गेली तरी खुर्ची खुर्चीच राहते. बघणारा उरलेली बाजू स्वतः भरतो, आणि भरताना स्वतःच्या आठवणीतली खुर्ची भरतो.

तपशिलांचंही तसंच. चित्रात एक जागा अशी असू द्या जिथे तुम्ही मनसोक्त वेळ घालवलाय. पायरीचा झिजलेला काठ, स्विचबोर्डाभोवतीचे बोटांचे डाग, खिळा निघून गेल्यावर राहिलेलं भोक. झीज ही माणसांच्या वावराची खूण असते, म्हणून नव्या कोऱ्या वस्तूपेक्षा ती जास्त बोलते. पण अशा तीन-चार जागा झाल्या की त्या एकमेकींचा आवाज दाबतात. एकच.

माणसं घ्यायची का

माणूस चित्रात आला की तोच विषय होतो. कितीही लहान काढा, डोळा आधी त्याच्याकडे जातो. म्हणून पहिली काही चित्रं माणसाशिवाय करा आणि त्यांचा वावर खुणांतून येऊ द्या : मागे सरकवलेली खुर्ची, उघडं राहिलेलं पुस्तक, चपलांचा एकच जोड.

घ्यायचंच ठरलं तर चेहऱ्यापासून दूर राहा. चेहरा काढला की भाव तिथे गोळा होतो आणि जागा नेपथ्य होऊन बसते. हॅमरशोयच्या खोल्यांमध्ये त्याची पत्नी ईडा बहुतेक वेळा पाठमोरी असते. पाठीचा कल, मानेचा कोन, वजन कुठल्या पायावर आहे एवढ्यावर लक्ष द्या. सार्वजनिक ठिकाणी रेखाटताना कुणाला अवघडल्यासारखं झालेलं दिसलं तर वही मिटा, उरलेलं आठवणीतून करा.

फोटोचं काय

फोटो जरूर काढा, पण त्यावरून सगळं चित्र करू नका. फोनचा कॅमेरा रुंद कोनाचा असतो. जवळच्या वस्तू फुगतात, दूरच्या आक्रसतात, त्यामुळे खोली आहे त्याहून लांबट दिसते. कॅमेरा उजेडाचा एकच मध्य धरतो, म्हणून खिडकी पांढरीफटक होते किंवा कोपरे काळेकुट्ट. डोळ्याला मात्र त्या कोपऱ्यातही रंग दिसत असतो. फोटो खिडकीच्या नक्षीसाठी, नळाच्या आकारासाठी वापरा. प्रकाश, प्रमाण आणि रंग स्केचबुकातून घ्या.

अडकल्यावर, आणि थांबताना

चित्र नीट झालंय, पण काही वाटत नाही, ही अवस्था येतेच. अशा वेळी नवा रंग घालू नका. चित्र आरशात पाहा, किंवा उलटं करून भिंतीला टेकवा. ओळखीच्या वस्तू अनोळखी झाल्या की वजन कुठे जास्त झालंय ते दिसतं. मग दोन गोष्टी तपासा. तुम्ही सगळ्याच भागांना सारखं लक्ष दिलंय का? दिलं असेल तर दोन-तीन भाग मऊ करा, एखादी वस्तू भिंतीच्या रंगाने झाकून टाका. आणि कोपऱ्यात लिहिलेली ओळ अजून चित्रात आहे का? कधीकधी ती वाटेत हरवते, आणि कधी चित्र तिच्याहून चांगल्या गोष्टीकडे निघालेलं असतं. दुसरं झालं असेल तर ओळ खोडून नवी लिहा. ओळ चित्रासाठी आहे.

थांबायचं कधी? पुढचा फटका कशासाठी मारायचा हे सांगता येत नसेल, तेव्हा. ब्रश धुवा, चित्राचं तोंड भिंतीकडे करून काही दिवस ठेवा. परत पाहिल्यावर जे खटकेल तेवढंच बदला.

एका चित्रानंतर जागा बदलू नका. त्याच जागेचं दुसरं करा, फक्त एकच गोष्ट बदलून : वेळ, डोळ्याची पातळी किंवा चौकट. तिसऱ्या-चौथ्या चित्रापर्यंत तुम्हाला ठाऊक असलेल्या युक्त्या संपतात, आणि मग खरं बघणं सुरू होतं. याच टप्प्यावर कंटाळून लोक जागा सोडतात.

दाखवताना

नाव देताना भावना सांगू नका. ‘विरह’ किंवा ‘एकांत’ असं नाव दिलं की बघणारा चित्राऐवजी नाव बघतो. ‘मागचं दार, सकाळी सात’ हे चांगलं नाव आहे.

कुणाला दाखवाल तेव्हा ‘आवडलं का?’ असं विचारू नका, ओळखीची माणसं ‘हो’च म्हणतात. त्याऐवजी विचारा : इथे किती वाजले असतील? आत्ता इथून कोण गेलं असेल, की कुणी यायचंय? तुम्ही या खोलीत कुठे बसाल? उत्तरं लिहून घ्या. दोन-तीन जणांनी खुर्चीत बसायचं टाळलं, आणि तुमची ओळ उजेड खुर्चीपर्यंत न पोचण्याची होती, तर तुमचं चित्र लागू पडलंय. सगळ्यांनी निराळंच सांगितलं, तर ती उत्तरं घेऊन त्याच जागी परत बसा आणि पुढच्या कागदावर चौकट बदलून पाहा.